याकच्या खांद्यावरची हळद

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला नवल वाटायला नको. आमच्या वॉर्डातले लोक मला समोर ताई म्हणतात आणि पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मुलांची पुस्तकं छापणाऱ्या बाईनं कसं मऊ, गोडगोड बोलायला पाहिजे अशी लोकांची समजूत असते. मुलांशी मी बोलतेही तशी. पण पुस्तकात कोणी खोटं घुसवलं की माझं डोकं फिरतं आणि मग समोर कोण आहे ते मी पाहत नाही.

बालाघाटात, घराच्या पुढच्या खोलीत, माझं प्रकाशन चालतं. झाडं, नदी, पाखरं, जनावरं आणि दूरदूरच्या मुलुखातली लेकरं, एवढाच आमचा विषय. पुस्तकं मराठीत काढते आणि हिंदीतही काढते, कारण इथल्या पोरांच्या कानावर घरात मराठी पडते आणि शाळेत हिंदी. एका दुकानदारानं मला सुनावलं होतं, "ताई, इथं मराठी वाचते कोण?" मी त्याच्याच नातीला गल्ल्याजवळ बसवलं आणि तिच्याकडून आमचं एक पुस्तक वाचून घेतलं. अडखळली, मध्येच हिंदीत घुसली, पण शेवटपर्यंत वाचलं पोरीनं. तेव्हापासून तो माझी पुस्तकं पुढच्या फळीवर मांडतो. आवडीनं मांडतो की माझ्या भीतीनं, ते मी विचारलेलं नाही.

आमच्याकडं एक गोष्ट पक्की आहे. दुसऱ्याच्या घराबद्दल खोटं लिहायचं नाही आणि खोटं काढायचंही नाही. शेवटच्या पानावर वाघ उपदेश करतो अशी गोष्ट आली की मी ती आल्या पावली परत पाठवते. कान्हाचं जंगल आमच्यापासून लांब नाही, इथल्या लेकरांना वाघ काय करतो ते माहीत आहे. आणि परदेशातलं मूल म्हणजे बिचारं, केविलवाणं, आपण त्याची कीव करायची, अशा गोष्टी तर मी अर्ध्यातच मिटते. कीव करायला पुस्तक कशाला पाहिजे? दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगाला लागलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी ते नीट, जसं आहे तसं दिसलं पाहिजे. म्हणून छापण्याआधी मी डमी, म्हणजे हातानं जोडलेली कच्ची प्रत, एखाद्या गावात नेते आणि मुलांना वाचून दाखवते. मुलं चुळबुळ करायला लागली की ते पान गेलंच समजायचं.

माझी चित्रकार मला राजेगावच्या रस्त्यावर सापडली. गोंदियाच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. एका घराच्या भिंतीवर बैलजोडी दिसली. रंग साधाच, चुना आणि गेरू, पण त्यातला डावा बैल थकला होता. भिंतीवरचा बैल थकलेला दिसतो म्हणजे काय गंमत आहे का? मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि उन्हात चालत मागं आले. अंगणात एक तरणी सून ब्रश धूत होती.

"हे कोणं काढलं?" मी विचारलं.

"मीच. काहून, चुकलं काही?"

"चुकलं नाही. माह्या पुस्तकात काढशील?"

ती हसायलाच लागली. "पुस्तकात एवढी भित कुठी असते, ताई?"

भिंत लहान झाली तरी तिचे बैल लहान झाले नाहीत. पुढं ती माझ्यासाठी आतली चित्रं काढू लागली, कधी मुखपृष्ठ. धान कापून झालं, घरचं आवरलं की तिचा कागद निघायचा. पण अख्खं पुस्तक तिच्या एकटीच्या चित्रांचं, वर तिचं नाव, असं अजून झालं नव्हतं. ते व्हावं ही तिची इच्छा होती. ती बोलून दाखवायची नाही, पण नवं पुस्तक हातात आलं की आधी मुखपृष्ठावरच्या नावांवरून बोट फिरवायची. माझीही तीच इच्छा होती आणि मी ती चारचौघांत बोलून दाखवायचे.

ते पुस्तक मंगोलियातून आलं. तिकडं एक बाई माझ्यासारखंच छोटं प्रकाशन चालवते. आमची ओळख इंटरनेटवरची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे अर्धं तोंडानं आणि अर्धं हातानं. आमचं ठरलं की तिनं लिहिलेली गोष्ट मी माझ्याकडं छापायची, तिनं तिच्याकडं छापायची, आणि चित्रं दोन्हीकडं तीच, माझ्या चित्रकाराची. गोष्ट एवढीशी. थंडी येते, मुलीच्या घरचे लोक मुक्काम हलवतात, लोकरीचं घर मोडून त्याचं ओझं म्हाताऱ्या याकच्या पाठीवर बांधतात. याक चालत राहतो. नव्या जागी पोचल्यावर मुलगी त्याचं ओझं उतरवते आणि त्याच्या अंगाला टेकून उभी राहते. बस्स. मी वाचली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी येणं ही काही रोजची गोष्ट नाही.

पोळ्याच्या आधी पुस्तक हातात हवं होतं. गोंदियाच्या छापखानेवाल्यानं शब्द दिला होता. मी चित्रकाराला याकचे फोटो जमवून दिले, तिकडच्या बाईनं घराचे, कपड्यांचे, डोंगरांचे पाठवले. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू व्हायच्या आधी ती सगळी चित्रं घेऊन माझ्याकडं आली. एकेक कागद मी पाहत गेले. डोंगर बरोबर, मुलीचे बूट बरोबर, याकची लोंबती लोकर तर हात लावून पाहावी अशी. शेवटचा कागद उचलला आणि थांबले. ओझं उतरवलेला याक उभा होता, मुलगी टेकली होती, आणि याकचे दोन्ही खांदे पिवळेधमक होते.

"हे काय आहे?"

"हळद."

"ते मले दिसून राह्यलं. याकले हळद लावली कोणं?"

"मी लावली." ती शांतपणे म्हणाली. "पाठीवर अख्खं घर आणलं त्यानं, ताई. अन् खांदे तसेच सोडू?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप चोळतात, आणि कानाशी जाऊन सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांचा तो मान असतो. हे मला ती काय शिकवणार? पण मंगोलियात पोळा नसतो. मी तिला ते सांगितलं. तिनं मान हलवली, माहीत आहे म्हणाली. माहीत आहे तर काढलं कशाला, म्हणून माझा आवाज चढला. आपण दुसऱ्याच्या घराबद्दल खोटं काढत नाही, हे तुला किती वेळा सांगितलं, असं मी बरंच काही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचाही आवाज चढला, आणि तो चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आमच्या कोठ्यात आता बैल नाही. जोडी विकली सासऱ्यानं लांजीच्या बाजारात. चिखलणी ट्रॅक्टर करते, बैलायचं करायले कोणाच्या अंगात ताकद राह्यली नाही, सगळं खरं आहे. कोणाचं चुकलं नाही. पण लग्न होऊन आली तवापासून दरसाली त्यायचे खांदे मी शेकत होती. मागच्या पोळ्याले हळद वाटीत तशीच राह्यली. आता कोणाले लावू? ट्रॅक्टरच्या बोनेटले?"

 आतून डळमळले की मी आणखी कडक होते. "तुहं दुःख खरं आहे," मी म्हटलं, "पण ते त्या याकच्या अंगावर काहून टाकतेस?"

"मंग हळद पुसायची असन तर माह्यं नावही पुसा पुस्तकावरून."

म्हणजे झालं. जे पुस्तक तिच्या नावाचं व्हायचं होतं, त्याच्यावरून ती नाव काढायला निघाली होती. आणि तिच्या नावाशिवाय ते पुस्तक छापण्यात मला काडीचा रस नव्हता. मी म्हटलं, आपण दोघी भांडून काय उपयोग, ज्यांचा याक आहे त्यांनाच विचारू. तिला समोर बसवलं, चित्राचा फोटो पाठवला आणि तिकडच्या बाईला व्हिडिओ कॉल लावला.

ती बाई चित्र पाहून आधी खूप हसली, आनंदानं. याक तिला फार आवडला. मग तिनं चेहरा फोनजवळ आणला आणि काळजीनं विचारलं, याला काय झालंय? जखम आहे का? औषध लावलंय का? आमची मुलं विचारतील, हा बरा होतो की नाही.

मी चित्रकाराला मराठीत सांगितलं, तिच्याकडच्या लेकरांना याक आजारी वाटेल. माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर असणार, नाही कसा. चित्रकार जराही चिडली नाही. ती पुढं सरकली. "तिले सांगा, हौ. जखमच होते. जू घासते, खांदा सोलते, म्हणूनच तर लावते आमी."

मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. जू हा शब्द सांगायला मला पाटाची फळी मानेवर धरून दाखवावी लागली.  पलीकडं त्या बाईनं स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडंही ओझ्याखाली लोकर झडते, कातडं सोलतं, म्हणाली. आम्ही चरबी चोळतो. समजलं मला. पण आमच्या मुलांना हा पिवळा रंग आजारच वाटेल, आणि गोष्ट तर याक सुखरूप पोचला तिथं संपते.

म्हणणं तिचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. चित्रकार "ठीक आहे" म्हणाली, चित्राची गुंडाळी केली, बाकीची चित्रं टेबलावर ठेवली आणि बसला निघून गेली. पैशांचं बोलली नाही, दुसऱ्या चित्राचं नाही, चहाही घेतला नाही. मी बरोबर असूनही त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि त्याचा मला फारच राग आला.

नंतर फोन केला की तिची सासू उचलायची. "रोवणी चालू आहे, सून वावरात आहे," एवढंच सांगायची. छापखानेवाल्याचे फोन मला यायला लागले. शेवटी मी डमी तयार केली. शेवटच्या पानावर तिच्याच चित्राचा फोटो होता, पण त्यातला पिवळा रंग मी संगणकावर काढून टाकला होता. मुलांना वाचून दाखवायचं तर तिच्याच गावात, असं ठरवून मी बस पकडली. आमच्या कामाची रीत होती ती, आणि खरं सांगायचं तर तिला भेटायचं निमित्तही होतं.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं दाटीवाटीनं बसली. पाऊस नुकताच थांबला होता आणि सगळ्यांचे पाय चिखलाचे. मी गोष्ट वाचली. एक पोरगं चुळबुळलं नाही. याक नदी ओलांडतो तिथं तर पुढची रांग सरकत सरकत माझ्या पायाशी आली. शेवटचं पान आलं, मुलगी टेकून उभी राहिली, मी पुस्तक मिटलं. तर पुढं बसलेली एक किरकोळ अंगाची पोरगी म्हणाली, "मंग त्याले जेवायले कोण बोलावते?"

"कोणाले?"

"याकले. एवढं घर आणलं न त्यानं. आमच्या आबाच्या घरी बैलायले आवतन देते."

बाकीची पोरं हसली. ती हसली नाही. मी समजावलं की बाई, तो देश वेगळा, तिकडं तशी रीत नाही. तिनं थोडा विचार केला आणि अगदी सोपं सांगावं तसं म्हणाली, "मंग आपण बोलावू. आपल्या इकडं आहे न रीत."

 एवढ्याशा पोरीनं मला हरवलेलं पाहायला तिथं माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं, हे बरं झालं. डमी पिशवीत कोंबली आणि सरळ वावराचा रस्ता धरला.

चित्रकार चिखलात वाकून रोवत होती, बरोबर आणखी बाया होत्या. मला वावराच्या कडेला धुऱ्यावर पाहिलं तरी तिनं हातातली रोपांची पेंढी संपेपर्यंत मान वर केली नाही. मग पाय ओढत आली आणि बांधावर, माझ्यापासून जरा लांब बसली.

"एक पान आणखी पाहिजे," मी म्हटलं.

"माह्यं नाव काढा म्हटलं होतं न तुमाले."

"नाव काढणारी तू कोण? प्रकाशक मी आहे."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी संधी सोडली नाही. म्हटलं, तिकडची गोष्ट तिकडं संपली, त्यांच्या याकचे खांदे त्यांच्या रीतीनं राहू दे. त्यानंतर पान उलटायचं आणि आपलं अंगण. पोळ्याच्या आदल्या दिवशीची सांज. एक पोरगी, तिच्या घरचा कोठा रिकामा, आणि तिनं त्या याकला आवतन दिलंय.

तिनं पायावरचा चिखल काडीनं खरवडला. "म्हणजे याक पोरीच्या मनात येते, असं काढू?"

"तसंच काढावं लागन. खरा कसा येईन एवढ्या दूर?"

"मनात नाही," ती म्हणाली. "काढीन तर अंगणातच काढीन. कोठ्याच्या दारात. अन् हळद लावून."

माझ्या तोंडाशी माझा नियम आला होता. तो मी तसाच गिळला नाही, नीट तपासून पाहिला. अंगण कोणाचं? आपलं. मग आपल्या घरी कोणाला बोलवायचं आणि त्याचा मान कसा करायचा, हे आपण नाही ठरवायचं तर कोणी ठरवायचं? त्यात खोटं काही नव्हतं.

"काढ," मी म्हटलं. "पण लवकर काढ. छापखानेवाला माह्या जिवावर उठला आहे."

तिनं ते चित्र रोवणीतून वेळ काढून केलं. मी ते तिकडच्या बाईला पाठवलं. तिचं उत्तर आलं की हे पान मलाही माझ्या पुस्तकात हवं आहे, याक पाहुणा गेलाय म्हटलं की आमच्या मुलांना तो आजारी वाटणार नाही. खाली विचारलं होतं, त्याला जेवायला काय देता? पुरणपोळी हा पदार्थ इंग्रजीत समजावता समजावता मला घाम फुटला. डाळीत गूळ का घालता, असं तिनं विचारल्यावर मी हात टेकले.

गोंदियाला पहिलं प्रूफ पाहिलं तर खांद्यांवरचा पिवळा मळकट आला होता. "ही हळद आहे का कावीळ?" असं मी मशीनजवळ उभं राहून विचारलं आणि रंग मनासारखा होईपर्यंत तिथून हलले नाही. पुस्तक पोळ्याच्या आधी तयार झालं. मुखपृष्ठावर दोन नावं, लिहिणारी तिकडची आणि काढणारी इकडची, सारख्याच अक्षरात. चित्रकारानं पहिली प्रत हातात घेतली, आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि पदरानं पुसलं, जणू त्याला काही लागलं होतं.

तान्ह्या पोळ्याला तिनं मला घरी बोलावलं. मोठा पोळा बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा हा लेकरांचा. पोरं नटूनथटून लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, खाऊ, पैसे, असं काहीबाही. मी बोजाऱ्याला पुस्तकं नेली होती. अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा केला होता, मागं कोठा रिकामा. पोरं आली, बैल दाखवले, पुस्तकं घेतली, काहींनी सोबत चॉकलेट नाही का असंही विचारलं.

सगळ्यात मागून ती शाळेतली पोरगी आली. तिच्या दोरीला लाकडी बैलच होता, पण त्याच्या अंगावर जुन्या स्वेटरची लोकर उसवून चिकटवली होती, पार जमिनीपर्यंत लोंबणारी. चाकांत अडकून अडकून तो कसाबसा चालत होता.

"हा तिकडचा आहे," तिनं चित्रकाराला सांगितलं. "पोळ्याले आला."

 चित्रकार आत गेली आणि वाटीत हळद अन् तूप कालवून आणलं. खाली बसली. लोकर बाजूला सारून तिनं त्या एवढ्याशा लाकडी खांद्यांवर हळद चोळली, दोन्ही अंगठ्यांनी, खऱ्या बैलाला चोळतात तशी, जोर लावून आणि सावकाश. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिनं ते पुसलं नाही, हात हळदीचे होते. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवायले या."

"उद्या नाही, काकू," पोरगी म्हणाली. "आजच वाढा. त्याले लई दूर जायचं आहे."

मीच उठले. चुलीशी तिची सासू बसली होती, तिच्याकडून पुरणाची पोळी घेतली, पानावर ठेवली, वर तूप सोडलं आणि कोठ्याच्या दारात नेऊन वाढली.